फोन चोरीला जाण्याआधीची एक संध्याकाळ आणि गेल्यानंतरचा पहिला तास

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. ठाणे स्टेशनवर संध्याकाळच्या गर्दीत मी एम-इंडिकेटर उघडून कल्याण फास्ट किती लेट आहे ते बघत होते. प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या बाजूची गाडी नुकतीच हलली होती. तिच्या दारातून एक हात आला आणि माझा हात रिकामा झाला. ओरडेपर्यंत शेवटचा डबा पुढे निघून गेला होता.

शेजारच्या बाईने लगेच स्वतःचा फोन पुढे केला. "घ्या ताई, घरी लावा." मी फोन हातात घेऊन नुसती उभी. नवऱ्याचा नंबर आठवेना. पाठ होते ते दोनच नंबर: एक माझा स्वतःचा, जो आता मुलुंडकडे चालला होता, आणि दुसरा माहेरचा लँडलाइन, जो बंद होऊन दहा वर्षं झाली.

पुढच्या दोन तासांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. फोन गेल्यावर जे जे लागतं, ते सगळं मी फोनमध्येच ठेवलं होतं. बिल ईमेलमध्ये, आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) गॅलरीतल्या स्क्रीनशॉटमध्ये, बँकेचा नंबर कॉन्टॅक्टमध्ये. घरी पोचेपर्यंत खात्यातून ३८ हजार रुपये गेले होते. कसे गेले ते पाचव्या पायरीत सांगते.

पहिल्या सहा पायऱ्या आजच करायच्या आहेत, एका संध्याकाळी होतात. बाकीच्या फोन गेल्यावरच्या. त्या वाचून ठेवा आणि जमलं तर या लेखाची प्रिंट काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. फोनमध्ये सेव्ह करून उपयोग नाही, हे आता सांगायला नको.

१. एक वही करा, कागदाची

फोनवर *#०६# दाबा. १५ आकडी आयएमईआय नंबर दिसेल. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर दिसतील, दोन्ही लिहा. तो खोक्यावरही छापलेला असतो, पण खोकं आपण दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिलेलं असतं. मग वहीत हे उतरवा:

- फोनचं मॉडेल आणि दोन्ही आयएमईआय
- खरेदीच्या बिलाची प्रिंट (ऑनलाइन घेतला असेल तर आजच डाउनलोड करून काढा, दुकानातून घेतला असेल तर झेरॉक्स, थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पुसट होतं)
- घरातल्या दोघांचे मोबाइल नंबर, आणि त्यातला एक पाठ
- बँकेचा २४ तास चालणारा नंबर आणि खात्याचे शेवटचे चार आकडे
- सिम कंपनीचा असा नंबर, जो दुसऱ्या कंपनीच्या फोनवरूनही लागतो
- फोन ज्या गूगल किंवा अॅपल अकाउंटने चालू आहे तो ईमेल पत्ता
- गूगलचे बॅकअप कोड

ईमेल पत्ता मुद्दाम सांगतेय. घरातल्या मोठ्या माणसांचे फोन बघा. बऱ्याचदा दुकानातल्या पोराने घाईत एखादं अकाउंट उघडून दिलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड आता कुणालाच माहीत नसतो. माझ्या सासूबाईंच्या फोनवर त्यांच्या नावाशी काडीचा संबंध नसलेला ईमेल निघाला. असं अकाउंट असेल तर फोन हरवल्यावर तो शोधता येणार नाही. नवीन उघडा.

बॅकअप कोड म्हणजे काय? दुसऱ्याच्या फोनवरून तुम्ही गूगलमध्ये लॉगइन करायला गेलात, की गूगल म्हणतं, "तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, तिथे 'हो' दाबा." तो फोन चोराच्या हातात असतो. मी त्या वाक्याकडे दहा मिनिटं बघत बसले होते. गूगल अकाउंटच्या सिक्युरिटी पानावर टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये दहा कोड मिळतात, प्रत्येक आठ आकडी, एकदाच वापरायचा. ते वहीत लिहिले की ही कोंडी सुटते. यूपीआय पिन मात्र वहीतही लिहू नका.

२. स्क्रीन लॉक नीट लावा

पॅटर्न काढून टाका. काचेवर बोटाचा तेलकट रस्ता उमटतो आणि शेजारी उभ्या माणसाला तो लांबूनही कळतो. सहा आकडी पिन ठेवा, जन्मतारीख नको. गर्दीत बोटाने किंवा चेहऱ्याने उघडा, म्हणजे पिन कुणाला दिसत नाही. स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ ३० सेकंदांवर आणा.

आता दोन सेटिंग्ज, ज्या बहुतेकांच्या फोनवर उघड्या असतात. एक, लॉक असलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसतो. म्हणजे फोन न उघडताच ओटीपी वाचता येतो. नोटिफिकेशनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मजकूर लपवा. दोन, लॉक स्क्रीनवरूनच वरची पट्टी खाली ओढून एअरप्लेन मोड लावता येतो. चोर पहिलं काम तेच करतो, कारण नेट गेलं की फोन सापडत नाही. आयफोनमध्ये फेस आयडी आणि पासकोडच्या पानावर 'लॉक असताना कंट्रोल सेंटर' बंद करता येतं. सॅमसंगमध्ये लॉक स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये 'लॉक नेटवर्क अँड सिक्युरिटी' असतं. तुमच्या फोनवर सोय आहे का, ते सेटिंग्जमधल्या शोधात 'लॉक स्क्रीन' टाकून बघा.

३. सिमला कुलूप घाला

ही पायरी शंभरातले नव्वद जण गाळतील असा माझा अंदाज आहे, म्हणून इथे जरा थांबते.

तुमचा फोन कितीही पक्का लॉक असला तरी त्यातलं सिम उघडं असतं. चोर पिनेने ट्रे काढतो, सिम दुसऱ्या फोनमध्ये घालतो, आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे यायला लागतात. त्यावर उपाय सिम पिनचा. अँड्रॉइडमध्ये सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये 'सिम लॉक' शोधा, आयफोनमध्ये सेल्युलर किंवा मोबाइल डेटाच्या पानावर 'सिम पिन' असतो. एकदा लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं किंवा फोन बंद करून चालू केला, की चार आकडी पिन विचारला जातो. रोजच्या वापरात काहीच फरक पडत नाही.

सापळा असा की पहिल्यांदा लावताना कंपनीचा ठरलेला जुना पिन विचारतात. तो अंदाजाने टाकू नका. तीन वेळा चुकलात की पीयूके कोड लागतो, तो कंपनीकडून घ्यावा लागतो, आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं गेलं. आधी कस्टमर केअरला विचारा, मग लावा, आणि नवीन पिन वहीत लिहा. ई-सिम (फोनमध्येच असलेलं, कार्ड नसलेलं सिम) असेल तर ते काढून दुसरीकडे घालता येत नाही, एवढी चिंता कमी.

४. चोरीसाठीच केलेली सेटिंग्ज चालू करा

अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या बहुतेक फोनवर गूगलने २०२४ च्या अखेरीपासून 'थेफ्ट प्रोटेक्शन' आणलं आहे. सेटिंग्ज, मग गूगल, मग ऑल सर्व्हिसेस, तिथे सापडेल. त्यात 'थेफ्ट डिटेक्शन लॉक' म्हणजे फोन हातातून झटक्यात ओढून कुणी पळालं, तर ती हालचाल ओळखून स्क्रीन आपोआप बंद होते. माझा फोन गेला तेव्हा स्क्रीन उघडी होती. हे चालू असतं तर कदाचित पुढचं रामायण टळलं असतं. 'ऑफलाइन डिव्हाइस लॉक' आणि 'रिमोट लॉक' हेही चालू करा. रिमोट लॉकसाठी तुमचा नंबर तिथे आधीच पडताळून ठेवावा लागतो. ते केलं की अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक या पत्त्यावर कुणाच्याही फोनवरून नुसता नंबर टाकून तुमचा फोन लॉक करता येतो, पासवर्ड आठवावा लागत नाही. 'फाइंड हब' (जुनं नाव फाइंड माय डिव्हाइस) चालू आहे ना, तेही बघा.

आयफोनवाल्यांनी 'फाइंड माय' आणि 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' चालू करावं. दुसरं आयओएस १७.३ पासून आहे. घर-ऑफिससारख्या ओळखीच्या जागेबाहेर कुणी तुमच्या अॅपल अकाउंटचा पासवर्ड बदलायला गेलं, तर पासकोड माहीत असूनही चालत नाही. चेहरा लागतो, तासभर थांबावं लागतं आणि मग पुन्हा चेहरा लागतो.

५. गॅलरी साफ करा, कव्हर रिकामं करा

आता ते ३८ हजार. मी डेबिट कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले होते. ऑनलाइन काही भरताना कार्ड शोधत बसायला नको, एवढंच कारण. चोराकडे उघडा फोन, गॅलरीत कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे, आणि ओटीपी त्याच फोनवर. त्याला माझा यूपीआय पिन लागलाच नाही. दोन व्यवहार झाले, मधलं अंतर सहा मिनिटांचं.

गॅलरीत आधार, पॅन, चेक, कार्ड असं शोधून फोटो काढून टाका, आणि ट्रॅशमधूनही. कागदपत्रं लागतात तर डिजिलॉकर या सरकारी अॅपमध्ये ठेवा. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवलेले फोटोही बघा, ते आपण विसरतो. फोनच्या कव्हरमागे डेबिट कार्ड खोचायची सवय असेल तर ती आजपासून बंद. यूपीआयचा नवा पिन तयार करायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी लागतो. कव्हरमागे कार्ड आणि आत सिम, म्हणजे तुम्ही सगळं एकाच पिशवीत बांधून दिलंत.

यूपीआय अॅप, बँकेचं अॅप आणि ईमेलला वेगळं अॅप लॉक लावा. यूपीआय लाइट वापरत असाल तर त्यात पिन लागत नाही हे लक्षात ठेवून थोडेच पैसे ठेवा.

६. बॅकअप

फोटो आणि कॉन्टॅक्ट गूगल किंवा आयक्लाउडला जात आहेत का, ते बघा. गूगलची फुकटची जागा १५ जीबी असते, ती भरली की बॅकअप गुपचूप थांबतो. व्हॉट्सअॅपचा बॅकअप वेगळा, त्याच्या सेटिंग्जमधून. तिथेच टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिनही लावा. बास.

आणि लोकलच्या दारात फोन घेऊन उभं राहू नका. रुळांजवळ उभं राहून काठीने हातावर फटका मारणारे असतात. फोन खाली पडतो, कधी कधी त्याच्यामागे माणूसही. फोनसाठी धावत्या गाडीतून कुणीही उतरायचं नाही, हे घरातल्या पोरांना बजावून सांगा.

७. फोन गेला: पहिला तास

इथे क्रम महत्त्वाचा आहे. मी तो उलटा केला होता.

आधी फोन लॉक करा, मग सिम बंद करा. सिम बंद झालं की फोनचं नेट जातं आणि लॉकची आज्ञा फोनपर्यंत पोचत नाही. मी घाबरून पहिल्यांदा सिम बंद केलं आणि मग फोन शोधायला बसले. नकाशावर शेवटची जागा घाटकोपर दिसत होती, ती तिथेच राहिली.

शेजाऱ्याचा फोन मागा. तुमचा गेलेला फोन अँड्रॉइड असेल तर वर सांगितलेला लॉकचा पत्ता उघडा. आयफोन असेल तर आयक्लाउड डॉट कॉम स्लॅश फाइंड, तिथे दुसऱ्या उपकरणावरचा कोड मागत नाहीत, आणि 'लॉस्ट मोड' लावा. दोन-तीन मिनिटांत जमलं तर ठीक. नाही जमलं तर रेटत बसू नका, पुढे चला.

मग बँक. नुसतं "कार्ड ब्लॉक करा" म्हणू नका. "कार्ड, यूपीआय, मोबाइल बँकिंग आणि नेट बँकिंग, चारही बंद करा" असं स्पष्ट सांगा, तक्रार क्रमांक घ्या आणि वेळ लिहा. ही वेळ पुढे कामाची असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. माझ्या बाबतीत कार्डाचे फोटो मीच काढून ठेवलेले, त्यामुळे बँकेने हात वर केले, आणि मला वादही घालता आला नाही.

मग सिम कंपनीला फोन करून सिम बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कॉल करा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंत ते गोठवता येतात, म्हणून तिथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब आहे. माझा कॉल दोन तासांनी गेला. १३ हजार अडकवता आले, ते चार महिन्यांनी परत मिळाले. २५ हजार गेले ते गेलेच.

नकाशावर फोन दिसला तरी एकट्याने तिथे जाऊ नका. स्क्रीनशॉट घ्या आणि पोलिसांना द्या. अँड्रॉइड फोन दुरून पुसायची घाईही नको. पुसला की त्याची जागा दिसणं बंद होतं.

८. पोलीस ठाणं

गाडीत किंवा प्लॅटफॉर्मवर चोरी झाली तर लोहमार्ग पोलीस, ज्यांना आपण रेल्वे पोलीस म्हणतो. स्टेशनबाहेर, रिक्षात, रस्त्यावर झाली तर शहर पोलीस. हद्दीवरून इकडून तिकडे पाठवायला लागले तर "झिरो एफआयआर घ्या" म्हणा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते.

सगळ्यात मोठा सापळा एका शब्दाचा आहे. मी गेले तिथल्या हवालदारांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, गहाळ लिहू ना?" मी थकले होते, हो म्हणणार होते. गहाळ म्हणजे तुमच्याकडून हरवला. त्याची नुसती नोंद होते, गुन्हा दाखल होत नाही, तपास नाही. फोनचा विमा असेल तर बहुतेक पॉलिसींत गहाळ झालेल्या फोनचे पैसे मिळत नाहीत. चोरी असेल तर चोरीच लिहायला लावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आहे आणि हिसकावून नेण्यासाठी वेगळं कलम ३०४. अर्धा तास जास्त बसावं लागलं, पण लिहून मिळालं.

बरोबर न्या: ओळखपत्र, बिलाची प्रत, आयएमईआय, घडलेली वेळ आणि जागा. तक्रारीत दोन्ही आयएमईआय आकडा-आकडा तपासा. पंधरातला एक चुकला तर पुढचं सगळं अडतं.

९. डुप्लिकेट सिम

सिम कंपनीच्या स्वतःच्या दुकानात (त्याला गॅलरी म्हणतात) जा, कोपऱ्यावरच्या टपरीत नको. मूळ आधार कार्ड न्या, काही ठिकाणी तक्रारीची प्रतही मागतात. नवीन सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. हा नियम मुद्दाम केलेला आहे, म्हणजे कुणी तुमच्या नावाने सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नये. सिम बिघडलंय असं समजून पुन्हा गॅलरीत चकरा मारू नका. नवीन फोनवर व्हॉट्सअॅप चालू केलं की चोराकडच्या फोनवरून ते आपोआप बंद होतं.

१०. आयएमईआय ब्लॉक करा

हे काम लोक पोलिसांवर सोडून देतात. काही ठाणी करून देतात, पण तुम्ही स्वतः घरी बसून करू शकता. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर किंवा अॅपवर हरवलेला फोन ब्लॉक करायची सोय आहे. तिच्यामागच्या यंत्रणेला सीईआयआर म्हणतात. मे २०२३ मध्ये ती देशभर सुरू झाली, पण त्याआधी २०१९ मध्ये तिची चाचणी सुरू झाली ती आपल्याकडे, महाराष्ट्रात.

अर्जात फोनचा नंबर, दोन्ही आयएमईआय, मॉडेल, बिल, चोरीची जागा आणि तारीख, पोलीस ठाणं, तक्रार क्रमांक, तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र लागतं. शेवटी ओटीपी त्याच जुन्या नंबरवर मागतात, म्हणून डुप्लिकेट सिम आधी, आणि त्याचे २४ तास उलटले की मग अर्ज. फाइलचा आकार मोठा असला तर पान पुढे सरकत नाही. मी मोबाइलने काढलेले फोटो तीनदा नाकारले गेले, शेवटी झेरॉक्सवाल्याकडून लहान करून घेतले.

अर्ज गेला की रिक्वेस्ट आयडी मिळतो. तो वहीत, ठळक. साधारण २४ तासांत फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालेनासा होतो. त्यात कुणी सिम घातलं तर यंत्रणेला कळतं आणि माहिती पोलिसांकडे जाते.

११. "तुमचा फोन सापडला आहे"

काही दिवसांनी असा मेसेज येऊ शकतो, खाली लिंक, त्यावर हुबेहूब अॅपलचं किंवा गूगलचं पान. तिथे पासवर्ड टाकलात की संपलं. लॉक असलेला फोन चोराला फक्त सुट्या भागांच्या भावात विकता येतो, उघडला तर पूर्ण किमतीत, म्हणून हा खटाटोप. 'फाइंड माय'मधून फोन काढून टाका असं कुणी फोन करून, कितीही गोड बोलून सांगितलं तरी काढू नका. माझ्या जावेला तर "सायबर सेलमधून बोलतोय" म्हणून फोन आला होता. तिने "पोलीस ठाण्यात येते, नाव सांगा" म्हटल्यावर फोन कट.

१२. फोन परत मिळाला तर

मिळतात, खरंच. जावेचा आठ महिन्यांनी मिळाला. पोलीस ठाण्यातून फोन आला, पण जप्त केलेला माल असल्याने कोर्टाची परवानगी लागली आणि सुपुर्दनाम्यावर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या कागदावर, सही करावी लागली. बिल आणि ओळखपत्र तिथे पुन्हा मागितलं. काच तडकलेली, कव्हर दुसऱ्याच कुणाचं, गुलाबी.

घरी आणून सिम घातलं तर नेटवर्क येईना. दोन दिवस ती दुकानांत हेलपाटे घालत होती, एकाने बोर्ड बदलायला साडेचार हजार सांगितले. फोनला काही झालेलंच नव्हतं. ब्लॉक आपणच केला होता, तो उघडायचा राहिला होता. संचार साथीवरच 'सापडलेला फोन अनब्लॉक करा' असा पर्याय आहे, त्यात तो जुना रिक्वेस्ट आयडी टाकावा लागतो. आयडी वहीच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाखाली सापडला.